समास सोडून लिहा

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमत् दासबोध, दशक १९ (शिकवण), समास १, लेखनक्रिया निरूपण



खरं सांगायचं तर हा समास मी आजवर तीन पारायणांत तीनदा उरकला आहे. उरकला हाच शब्द बरोबर. अक्षर वाटोळं काढावं, ओळी सरळ असाव्यात, शाई अशी करावी, बोरू तसे आणावेत. आपण कीबोर्डवर वाढलेली मुलं. आपल्याला यातून काय घ्यायचं? दशक १९ लागलं की डोळा आपोआप पुढच्या यत्न निरूपणाकडे आणि राजकारण निरूपणाकडे पळतो. तिथे कोट करण्यासारखं बरंच असतं ना!

या वेळी मात्र हा समास वाचताना शेजारी टेबलावर माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क पडली होती, बंद करून. ती चालू करायची भीती वाटत होती म्हणून बंद.

आधी त्या डिस्कमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती का वाटत होती ते कळेल.

माझी आजी रोज सकाळी एक समास मोठ्याने वाचायची. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकाचे १० समास, म्हणजे २०० दिवसांत एक आवर्तन. की परत पहिल्यापासून. किती आवर्तनं झाली हे तिने कधी मोजलं नाही, आम्हीही विचारलं नाही. २०१८ मध्ये मी फोनवर तिचं एक पूर्ण आवर्तन रेकॉर्ड केलं. रोज एक फाइल. ०१-०१ पासून २०-१० पर्यंत, दशक आणि समास एवढंच नाव. सगळं मिळून २८ तासांच्या आसपास. फोन भरायला लागला तसं ते डिस्कवर टाकलं आणि फोनमधून काढून टाकलं. २०२१ मध्ये आजी गेली. फाइल्स डिस्कवर होत्या. फक्त डिस्कवर.

आता जे सांगतो त्याची लाज वाटते. हे २०० समास मिळून दोन जीबीसुद्धा भरत नाहीत. कुठल्याही जाहिरातीत फुकट मिळालेल्या पेन ड्राइव्हवर मावले असते. कॉपी करायला पाच-सात मिनिटं लागली असती. एक टीबीच्या डिस्कवर बाकी काय होतं? कॉलेजचे प्रोजेक्ट, ट्रेकचे शेकडो सारखेच फोटो, आणि मित्रांकडून घेतलेले सिनेमे जे मी आता कधीच पाहणार नाही. आजीचा आवाज त्या ढिगाऱ्याच्या कोपऱ्यात एका फोल्डरमध्ये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेकॉर्ड केल्यापासून मी त्यातली एकही फाइल शेवटपर्यंत ऐकली नव्हती. ‘आहे आपल्याकडे’ एवढ्यावर समाधान.

मागच्या महिन्यात बाबांनी विचारलं, “आईचं ते वाचन लाव ना रे जरा. उद्या तिची तिथी आहे.” मी डिस्क लावली. फोल्डर उघडायला मिनिटभर लागलं. मग आतून आवाज आला, टक्... टक्... आणि लॅपटॉप अडकून बसला.

हार्ड डिस्कच्या आत काय चालतं हे जरा समजून घेऊ, कारण समर्थांच्या समासाशी त्याचा थेट संबंध आहे. (मीही हे गेल्या महिन्यातच नीट वाचलं.) आत चकचकीत तबकड्या असतात. साध्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावरून वाचणारं डोकं फिरतं. ते तबकडीला टेकत नाही, तरंगतं, आणि त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. तबकडीवर लिहिण्याच्या बारीक बारीक जागा असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. कालांतराने काही सेक्टर खराब होतात. हे होणारच, हे बनवणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. म्हणून तो प्रत्येक डिस्कमध्ये काही सेक्टर राखीव ठेवून देतो. आपल्याला ते दिसत नाहीत, विकताना मोजलेही जात नाहीत. एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथलं काम गुपचूप राखीव जागेकडे वळवते. असं किती वेळा झालं याची नोंदही ती स्वतःच ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. माझ्या डिस्कच्या नावाशेजारी पिवळा रंग होता. वळवलेल्या सेक्टरांचा आकडा वाढलेला, आणि ‘वाचता येत नाहीत, निर्णय बाकी’ अशा सेक्टरांची मोठी रांग. म्हणजे ती बिचारी कधीपासून सांगत होती. विचारलं कोणी होतं?

आता समासाकडे या.

समर्थ सांगतात, पानाच्या चारही बाजूंना जागा मोकळी सोडा आणि मधेच लिहा. कारणही लगेच देतात : कागद जुना होऊन कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. मी ही ओवी वाचली आणि थांबलोच. शाळेत बाईंनी ‘समास आखा’ म्हणून सांगितलं की आपण पट्टी घेऊन लाल रेघ मारायचो. का मारायची, ते कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं बाईंना मार्क द्यायला जागा लागते! इथे कळलं. तो कागदाच्या म्हातारपणाचा विचार आहे. पान झडणार हे गृहीत धरून, पहिलं अक्षर काढायच्या आधीच, झडण्यासाठी जागा राखून ठेवायची. ग्रंथाच्या भागालाही समास म्हणायचं आणि कडेच्या मोकळ्या जागेलाही समासच. आपली भाषा गंमतीशीर आहे.

मी ग्रुपवर रडगाणं गायलं तेव्हा एका मित्राने लिहिलं, “भावा, गीता २.२२. जुनं वस्त्र टाक, नवीन घे.” दुसऱ्याने लिहिलं, “सगळं नश्वर आहे रे. सोडून दे.” दोघेही चांगले साधक आहेत, माझ्यापेक्षा नेमाने वाचतात. पण या दोन्ही उत्तरांशी माझं जमलं नाही, आणि का नाही ते मांडतो.

पहिलं. ‘हार्डवेअर म्हणजे देह आणि सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा’ हा दृष्टान्त हल्ली प्रवचनांतून फार ऐकू येतो. ऐकायला छान वाटतो. पण तो चुकतो. गीतेतला आत्मा कापला जात नाही, जळत नाही, भिजत नाही. आजीच्या फाइल्स मात्र डिस्कबरोबर जातात. डेटा हा देहाचाच भाग आहे, फारतर जरा सूक्ष्म. आत्म्याला बॅकअप लागत नाही. आजीच्या आवाजाला लागतो. जे अविनाशी आहे त्याचा दाखला देऊन जे विनाशी आहे त्याची हेळसांड करायची, हा गीतेचा अर्थ नव्हे, ही आपली सोय आहे.

दुसरं, नश्वर. दासबोधात तिसऱ्या दशकात नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. कोणालाही सोडत नाही तो समास, थोर-सान, राजा-रंक सगळ्यांची यादी करून सांगतो. हे लिहिणारे समर्थच एकोणिसाव्या दशकात पोथीसाठी मेणकापड घ्या म्हणतात. बासनं ठेवा, पेट्या करा, पेट्यांना कुलुपं लावा! सगळं जाणारच आहे हे ज्याला पक्कं कळलं आहे, तोच मेणकापड आणायला उठतो. ज्याला वाटतं ‘काय होतंय, आहे की आपल्याकडे’, तो माझ्यासारखा बसून राहतो. म्हणजे मी तीन वर्षं कॉपी केली नाही ते वैराग्य होतं का? आळस होता तो. वैराग्याचं नाव देऊन आळस लपवायची आपल्या पिढीला छान सवय लागली आहे, आणि यात मी सर्वांत पुढे.

असो. त्या रात्री मी एक चूक केली आणि एक चूक करता करता राहिलो. तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

केलेली चूक : पुन्हा पुन्हा डिस्क लावली, काढली, लावली. फाइल्स एकेक ओढून कॉपी करायला गेलो. २२ आल्या, तेविसाव्या फाइलवर लॅपटॉप गोठला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मरायला टेकलेल्या डिस्कला प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे तिच्या उरलेल्या श्वासांतला एक खर्च करणं. टळलेली चूक : विंडोज विचारत होतं, ‘ही डिस्क दुरुस्त करू का?’ बोट माऊसवर होतं. ती दुरुस्ती फाइल्सची मांडणी ताळ्यावर आणण्यासाठी असते, त्यासाठी ती डिस्कवर लिहिते, आणि त्या गडबडीत वाचू शकलं असतं तेही जाऊ शकतं. आधी प्रत, मग दुरुस्ती. ऑफिसातल्या एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. तो जुना तोडगा आहे. आत दव धरतं आणि होतं नव्हतं ते जातं. करू नका.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, “राहू दे आता. उद्या बघू.” तिथीला आजीचा आवाज लागला नाही. बाबांनी स्वतःच पोथी काढली आणि एक समास वाचला. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली. पुणेकरांना सांगायला नको, बुधवार पेठेतली ती गल्ली म्हणजे आमच्यासाठी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं पंढरपूर. जुन्या डिस्कची पूर्ण प्रत घ्यायची तर तेवढीच किंवा मोठी नवी डिस्क आधी हातात हवी. म्हणजे घाईत निवड करायची वेळ. दुकानदाराने खिशात मावणारी पाच टीबीची डिस्क पुढे केली. “हीच न्या साहेब, सगळे हीच नेतात. जागेच्या मानाने स्वस्त पडते.” मी पैसे काढणारच होतो.

इथे पुन्हा तोच समास आठवला, सकाळी दुसऱ्यांदा वाचला होता म्हणून. समर्थ म्हणतात ओळीला ओळ भिडू नये, दोन्हींमध्ये मोकळीक हवी. आणि एक फार व्यवहाराची गोष्ट सांगतात : तरुणपणी अगदी बारीक लिहू नका, म्हातारपणी ते कामाला येत नाही. मध्यम लिहा.

डिस्कमध्येही हेच दोन प्रकार आहेत हे मला माहीत नव्हतं. एका प्रकारात लिहिण्याच्या रेघा शेजारी शेजारी पण सुट्या असतात, त्याला सीएमआर म्हणतात. दुसऱ्यात कमी जागेत जास्त मावावं म्हणून रेघा एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात, घरावरच्या कौलांसारख्या. तो एसएमआर. वाचायला काही अडत नाही, पण मधलं काही बदलायचं झालं तर शेजारच्या रेघाही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे मोठं लिखाण करताना ती रखडते. खिशात मावणाऱ्या मोठ्या डिस्क बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारातल्या असतात. खोक्यावर तसं ठळक लिहिलेलं नसतं. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. मी दुकानातच फोनवर बघितलं. दुकानदार वैतागला, पण चहा मागवला.

एसएमआर वाईट असतं असं नाही, एकदा लिहून कपाटात ठेवायला चालतं. पण मला पुढची निदान दहा वर्षं दर महिन्याला भर घालायची होती. म्हणून टेबलावर ठेवायची, वेगळा अडॅप्टर लागणारी, चार टीबीची सीएमआर डिस्क घेतली. अवजड आहे, कुठे नेता येत नाही. न नेलेलीच बरी. माझी जुनी डिस्क दोनदा पडली होती ते इथे कबूल करून टाकतो.

मग एसएसडी का नाही? हाच प्रश्न सगळे विचारतात. तिच्यात फिरणारं काही नसतं, पडली तरी बहुधा वाचते, वेग तर विचारू नका. रोजच्या कामाला मी तीच घेतली, लॅपटॉपसाठी वेगळी, एक टीबीची. पण तिच्यात अक्षर म्हणजे कोंडलेला विद्युतभार. ती बरीच वापरून झिजलेली असेल आणि महिनोन्‌महिने वीज न देता कपाटात ठेवली, तर तो भार हळूहळू गळू शकतो. शिवाय जाताना बऱ्याचदा टक् टक् सुद्धा करत नाही. सकाळी उठून बघावं तर गेलेली. म्हणून जपून ठेवायच्या गोष्टींसाठी निदान एक प्रत फिरत्या डिस्कवर असू द्यावी असं माझं मत झालं. आणि कुठलीही घ्या, काठोकाठ भरू नका. एसएसडीला तर मोकळी जागा फार मानवते. समास सोडा.

पण खरी गोष्ट डिस्क कोणती हे नाहीच. प्रती किती, हे आहे.

फोटोग्राफर मंडळींमध्ये एक साधा नियम चालतो : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. मी तो वाचला आणि हसू आलं, कारण समर्थ संप्रदायात हे साडेतीनशे वर्षांपूर्वी चालू होतं. शिवथरघळीत समर्थांनी सांगितलं आणि कल्याणस्वामींनी लिहिलं, ही परंपरा आपल्याला माहीत आहे. पण पोथी घळीतच राहिली असती तर आज तुम्ही-मी फोनवर दासबोध वाचत बसलो असतो का? मठामठांत प्रती गेल्या. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात राहिली. शिष्यांनी आपापली बाडं लिहून काढली. पुढे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून ही बाडं गोळा केली, आणि धुळ्याचं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर त्यातून उभं राहिलं. कुठली प्रत वाळवीने खाल्ली असेल, कुठली पुरात गेली असेल. सगळ्या एका दिवशी गेल्या नाहीत, एवढंच. दुसऱ्याला दिली म्हणून राहिली.

आणि प्रत काढली म्हणजे झालं असंही नाही. ती बरोबर आहे का हे पाहावं लागतं. नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याचसाठी. तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले होते. पोथी होती, घरोघरी होती, पण अक्षर हललं होतं. आपल्या बॅकअपचंही तसंच आहे. फोल्डर दिसतो, नावं दिसतात, उघडायला गेलं की कळतं.

तर प्रत. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, लिनक्सवर चालतो, फुकट आहे. त्याची रीत मला फार आवडली. तो खराब जागेशी भांडत बसत नाही. जिथे अडलं तिथे खूण करतो आणि पुढे जातो. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उतरवून घेतो. मग मागे फिरून अडलेल्या जागांच्या कडा कुरतडतो, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या हट्टी सेक्टरांना पुन्हा पुन्हा विचारतो. कुठे काय राहिलं याची वही ठेवतो, त्यामुळे मध्येच बंद पडलं तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. (तुमच्या डिस्कमध्ये एका लयीत टकटक चालू असेल आणि कॉम्प्युटरला ती दिसतच नसेल, तर मात्र हेही करू नका. बंद करा आणि जिथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात अशा जाणकाराकडे द्या. खर्च बराच येतो. आत काय आहे त्यावर ठरवा.)

तीन दिवस, तीन रात्री ते चाललं. पहिल्या काही तासांत बहुतेक भाग उतरला, बाकीचा सगळा वेळ शेवटच्या थोडक्यासाठी. मी जपाला बसायचो आणि लक्ष स्क्रीनवरच्या आकड्याकडे. तिसऱ्या दिवशी जुनी डिस्क फिरायची थांबली. पुन्हा चालू झालीच नाही.

नव्या डिस्कवर १९८ फाइल्स उघडल्या. दोन गेल्या : ०९-०३ आणि १६-०२. कितींमध्ये आत खंड पडलाय ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून ऐकायला बसलो. वनाज ते रामवाडी मेट्रोत जाता-येता, रोज तासभर. २८ तासांना महिना लागला. तपासणी म्हणून सुरू केलं, कानात हेडफोन, हातात यादी, ‘ठीक’ किंवा ‘खंड’ अशी खूण करायची.

पाच फाइल्समध्ये खंड निघाला. दोन-चार ओव्या जातात, मग आवाज परत येतो.

पण बाकी जे निघालं ते मी यादीत कुठे लिहू? कुकरच्या शिट्ट्या. कबुतरं. एका समासात आजी मध्येच थांबून म्हणते, “चालू आहे ना रे ते?” आणि मी म्हणतो, “हो गं, वाच.” एकात तिला खोकल्याची उबळ येते, ती पाणी पिते, आणि जी ओवी अर्धी राहिली होती ती पहिल्यापासून म्हणते. अर्धी सोडलेली एकही नाही. ११-०४ मध्ये समास संपल्यावर ती विचारते, “जेवलास का काल रात्री? ताट तसंच होतं.” आणि माझा आवाज येतो, “आजी, झालं का? मला निघायचंय.” मागोमाग बटण दाबल्याचा आवाज.

मेट्रो गरवारे कॉलेजला थांबली होती. मी ती फाइल परत लावली. मग आणखी एकदा. श्रवणभक्ती, श्रवणभक्ती म्हणून आपण लिहीत असतो. दासबोधात चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणाचा, मी त्यावर इथे लांबलचक लिहिलंही आहे. तेव्हा आजी शेजारच्या खोलीत वाचत होती.

सूर्यस्तवनाचा १६-०२ मात्र सापडला. एका रथसप्तमीला आजीने मला तो नाशिकच्या आत्याला पाठवायला लावला होता. मी कुरकुरत पाठवला, आणि विसरलो. आत्याला फोन केला तर म्हणाली, “आहे की. मी दर रथसप्तमीला लावते.” तिच्या फोनमध्ये त्या फाइलला ‘आई सूर्य’ असं नाव आहे. ते मी बदललं नाही.

आता आजीचे समास चार ठिकाणी आहेत. टेबलावरच्या डिस्कवर, क्लाउडवर, नाशिकला आत्याकडच्या पेन ड्राइव्हवर, आणि बाबांच्या फोनमध्ये. बाबा रोज एक लावतात, दाढी करताना. दर रामनवमीला सगळ्या प्रती उघडून बघायच्या असं ठरवलं आहे. नेम पाळतो की नाही ते पुढच्या वर्षी कळवीन, कारण माझे नेम कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

राहिला ०९-०३. तो कोणाकडेच नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही वाचता का, मी रेकॉर्ड करतो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “नको. आईच्या रांगेत माझा आवाज कशाला?” मग दुसऱ्या दिवशी नवव्या दशकात दुसरा समास संपला, आणि फोन आपोआप चौथ्यावर जाणार तेवढ्यात त्यांनी तो थांबवला. पोथी काढून तिसरा समास स्वतः वाचला, तोंडाला साबण तसाच. मी बाहेरून ऐकत होतो. फोन खिशातच होता, पण काढला नाही.

फोल्डरमध्ये ०९-०२ नंतर ०९-०४ येतो. मधली जागा तशीच ठेवली आहे.

उद्याचं वाचन : दशक १९, समास २, विवरण निरूपण.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥